वॉकओव्हरचं सोनं

मी बॉक्सिंगची राज्य विजेती आहे. हे बोलताना माझा आवाज आपोआप खाली उतरतो, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "फायनलला समोर कोण होतं?" कुणीच नव्हतं. सेमीफायनलला? बाय होता, म्हणजे न लढताच पुढे. पदक मिळालं, प्रमाणपत्र मिळालं, गळ्यात हार पडला, आणि अख्ख्या स्पर्धेत मी कुणाला साधा जॅबसुद्धा, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारला नाही.

माझं वजन ७९ च्या आसपास असतं. महिलांच्या बॉक्सिंगमध्ये ७५ च्या वर आणि ८० पर्यंत जो गट येतो तो माझा, लाइट हेवीवेट. आधी ही मर्यादा ८१ होती, वर्ल्ड बॉक्सिंग या जागतिक संघटनेच्या नव्या गटांत ८० झाली. खाली ४८, ५१, ५४ किलोत पोरींची ही रांग. ड्रॉचा, म्हणजे कुणाची लढत कुणाशी त्याचा, कागद भिंतीवर पुरत नाही, खाली दुसरा चिकटवावा लागतो. वजन वर सरकतं तशी नावं गळत जातात. आमच्या गटात यादीवर तिघी-चौघी. त्यातल्या एकीची परीक्षा, एकीचं लग्न ठरलेलं, एक काट्यावर ८० च्या पुढे भरली. संपला गट.

लोकांना वाटतं वॉकओव्हर म्हणजे घरबसल्या पदक. तसं नसतं. सकाळी उपाशीपोटी वजनाला उभं राहायचं, डॉक्टरांनी तपासायचं, हाताला बँडेज बांधून ते दाखवून घ्यायचं, मग ग्लोव्ह्ज, हेडगार्ड, तोंडात गमशील्ड. आणि हे सगळं करताना समोरची येणार की नाही हे शेवटपर्यंत नक्की नसतं, त्यामुळे वॉर्मअपही पूर्ण करायचा. मी घामाने निथळत रिंगमध्ये चढले. माझं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. निळ्या कोपऱ्यातल्या मुलीचं नाव पुकारलं. घंटा झाली. मी आपली उड्या मारत उभी. रेफरी घड्याळाकडे बघतायत. निळ्या कोपऱ्यातलं स्टूल रिकामं, त्यावर कुणीतरी आपला मोबाइल चार्जिंगला ठेवलेला. वायर दोरांखालून बाहेर गेलेली. मला आजही ती पांढरी वायर जशीच्या तशी दिसते. मग रेफरींनी माझा हात धरून वर केला आणि हळूच म्हणाले, "बेटा, गमशील्ड काढ, फोटो काढायचाय."

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चौकट, 'नाशिकच्या कन्येची सुवर्णकमाई'. 'दमदार खेळी करत' वगैरे. आमच्या सातपूरला चौकात फ्लेक्स लागला. त्यात माझा फोटो पासपोर्ट साइझचा, तोही बहुतेक आधार कार्डावरून उचललेला, आणि शुभेच्छुकांचे फोटो त्याच्या चौपट. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तू यात चोरासारखी दिसतेस." पप्पांनी मात्र रोज कंपनीतून येताना त्या फ्लेक्ससमोर गाडी हळू केली. एका पावसात तो फाटला तेव्हा सगळ्यांत जास्त वाईट त्यांना वाटलं, मला नाही.

मला वाटायला हवं होतं खरं. पण मनात सारखं येत होतं की बाई, तू विजेती कशाची? काट्याची?

क्लबमध्ये माझ्या वजनाची दुसरी मुलगी नाही. दुसरी सोडा, ७० च्या वरचीही नाही. म्हणून स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, मुलांबरोबर. यातही दोन जाती असतात. एक, सिडकोतला एक पोरगा आहे, माझ्याएवढाच, हात वेगवान. पण बाई समोर आली की त्याचे हात अर्ध्यावरून परत फिरतात. चुकून नाकावर लागला तर राउंड चालू असताना "सॉरी ताई" म्हणतो. अरे, मी तीन मिनिटं ताई नाहीये! दुसरी जात याच्या उलट. सगळं नीट चाललेलं असतं, माझा एखादा हुक स्वच्छ बसतो, बाकीची पोरं "ओऽऽ" करतात, आणि साहेबांचं डोकं फिरतं. मग टेक्निक गेलं खड्ड्यात, गडी नुसता बैलासारखा अंगावर येतो. सर मधे पडतात. दोन्हींतून मला काही मिळत नाही. पहिला मला मारत नाही आणि दुसरा बॉक्सिंग करत नाही.

सर म्हणतात, तू या वजनात आलीस तिथेच अडकलीस, हे वजनच करंटं आहे. ते गमतीने म्हणतात, पण त्यात बरंच तथ्य आहे. पुरुषांमध्येही प्रोफेशनल लाइट हेवीवेट म्हणजे १७५ पौंडांपर्यंत, किलोत ७९ आणि थोडं वर. त्याच्या खाली मिडलवेटची श्रीमंती, वर हेवीवेटचा दरारा, मधे हे. मोहम्मद अलीने १९६० साली रोमला ऑलिंपिकचं सोनं जिंकलं ते याच गटात, कॅशियस क्ले या नावाने. प्रोफेशनल झाल्यावर तो हेवीवेटकडे गेला आणि जगाने त्याला हेवीवेट म्हणूनच लक्षात ठेवलं.

सरांचा लाडका माणूस म्हणजे आर्ची मूर. त्याचं नाव निघालं की स्किपिंग थांबवून ऐकायचं. हा अमेरिकेतला काळा बॉक्सर, वर्षानुवर्षं जिंकत राहिला आणि जागतिक विजेतेपदाची संधी त्याला कुणी देईना. दिली असती तर विजेतेपद गेलं असतं, एवढं सरळ गणित. शेवटी १९५२ च्या डिसेंबरात लाइट हेवीवेटचा तेव्हाचा विजेता जोई मॅक्सिम याच्याबरोबर लढत ठरली तेव्हा मूर चाळिशीकडे झुकला होता. त्याच्या जन्मसालाचाच घोळ आहे, १९१३ की १९१६. अट अशी, की हरला-जिंकला तरी मॅक्सिमला एक लाख डॉलर मिळणार. मूरच्या हाती आले ८०० डॉलर. पण तो जिंकला. पुढे हेवीवेट विजेत्या रॉकी मार्सियानोने आपल्याशी लढावं म्हणून या माणसाने देशभरच्या क्रीडा संपादकांना पत्रं लिहिली, जाहिराती दिल्या. १९५५ मध्ये ती लढत झाली. दुसऱ्या राउंडला मूरने मार्सियानोला खाली पाडलं आणि नवव्या राउंडला स्वतः बाद झाला. मला यातली ती पत्रं आवडतात. इतका मोठा बॉक्सर, आणि टेबलाशी बसून पत्रं लिहितोय की बाबांनो, याला माझ्यासमोर उभा करा.

बॉब फॉस्टरचं तर आणखी वेगळं. १९६८ ला डिक टायगरला चौथ्या राउंडला झोपवून लाइट हेवीवेट विजेता झाला, मग १४ वेळा किताब राखला. आपल्या वजनात मान मिळेना, पैसा मिळेना, म्हणून गडी वरच्या वजनात जाऊन १९७० मध्ये जो फ्रेझरशी आणि १९७२ मध्ये अलीशी भिडला. दोन्हीकडे मार खाल्ला. पण अलीच्या चेहऱ्यावर रक्त काढलं ते फॉस्टरने, प्रोफेशनल झाल्यापासून अलीला कुणी कापलं नव्हतं.

आताचं बघायचं तर याच वजनातले बेटरबिएव्ह आणि बिव्होल. दोघेही तोवर अपराजित, किताबाचे चारही पट्टे या दोघांत वाटलेले, आणि तरी समोरासमोर यायला ऑक्टोबर २०२४ उजाडलं. पहिली बेटरबिएव्हने घेतली, फेब्रुवारी २०२५ ची दुसरी बिव्होलने. दोन्ही वेळा निकाल इतका जवळचा की एकेका पंचाने बरोबरी दिलेली. बेटरबिएव्हने त्याआधीच्या सगळ्या २० लढती नॉकआउटने जिंकल्या होत्या. आता हे माझं मत: त्या २० नॉकआउटपेक्षा बिव्होलबरोबरच्या त्या २४ राउंडांनी तो मोठा झाला, दुसरी लढत हरूनसुद्धा.

बायकांकडे तर पट्टा लटकलेला आणि घ्यायला माणूस नाही अशी गत. अमेरिकेची क्लॅरेसा शील्ड्स मिडलवेटला सगळं जिंकून बसली तेव्हा तिच्या वजनात लढाईसारखी लढाई उरली नाही. २०२४ च्या जुलैत डेट्रॉइटला एकाच रात्री, एकाच लढतीत तिने हेवीवेटचा एक किताब आणि लाइट हेवीवेटचा रिकामा किताब दोन्ही घेतले.

आपल्याकडे स्वीटी बूराने २०२३ च्या मार्चमध्ये दिल्लीला ८१ किलोत जागतिक सोनं जिंकलं, चीनच्या वांग लीनाला हरवून. त्याच गटात २०१४ ला तिने रौप्य घेतलं होतं, म्हणजे मधे किती वर्षं गेली बघा. त्याच स्पर्धेत निखत झरीन, लव्हलिना आणि नीतू घंघास यांनीही सोनं घेतलं. ओळखीच्या कुणालाही विचारा, निखत आणि लव्हलिना पटकन सांगतील. स्वीटीचं नाव घ्यायला वेळ लागतो. कारण ऑलिंपिकला महिलांचं वजन ७५ ला संपतं. ८१ असो की ८०, तिथे आमचा गटच नाही. जागतिक विजेती होऊनही ऑलिंपिकचं दार उघडायला वजन उतरवावं लागतं. लिव्हरपूलला २०२५ च्या जागतिक स्पर्धेत पूजा राणीने ८० किलोत कांस्य मिळवलं, तिने टोकियो ऑलिंपिक खेळलं होतं ते ७५ ला.

आणि बाहेर कशाला जायचं, आपल्या महाराष्ट्रातच नागपूरची अल्फिया पठाण आहे. पोलिसाची मुलगी. ती माझ्याही वरच्या गटातली, ८१ च्या पुढची. २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक स्पर्धेत सोनं. माझ्याकडे तिच्या फायनलचा व्हिडिओ सेव्ह आहे. एवढं वजन घेऊन ती पायावर किती हलकी फिरते ते बघण्यासारखं आहे. लठ्ठ मुलीने गोळाफेक करावी, असं शाळेत ज्या बाईंनी मला सांगितलं होतं त्यांना मी तो पाठवणार होते.

"मग तू पण ७५ ला उतर ना!" हे मला सगळे सांगतात. क्लबमधले, नातेवाईक, जिमवाला, एकदा तर रिक्षावाला. उतरले होते की. सरांशी बोलून, आहार ठरवून, रीतसर. आईने माझ्या ताटातली भाकरी अर्धी केली आणि स्वतःच्याही ताटातली केली, मला एकटीला वाईट वाटू नये म्हणून. वजन ७६ पर्यंत आलं आणि तिथे जे अडलं ते अडलं. हातातला जोर गेला. बॅगवर मारलं की आधी जो 'धप्प' आवाज यायचा तो यायचा बंद झाला. पांडवलेणीच्या पायऱ्या मी एरवी न थांबता चढते, तेव्हा मधे बसायला लागायचं. रात्री झोप नाही, सकाळी चिडचिड. आई म्हणाली, "अशी जिंकलीस तरी मला नको." माझी हाडंच ८० किलोची आहेत, आजीकडून आलेली. दिंडोरीला मामाच्या मळ्यात ती या वयात द्राक्षाचे क्रेट उचलते. परत भाकरी पूर्ण झाली आणि बॅग पुन्हा बोलायला लागली.

गोल्फ क्लब मैदानावर पहाटे पळायला जाते तेव्हा तिथले काका-मंडळी कौतुकाने म्हणतात, "छान बेटा, असंच पळत राहा, वजन होईल कमी." मी "हो काका" म्हणते आणि पुढे जाते. कसं सांगू, काका, वजन राखायलाच पळतेय.

तर, हरियाणातलं रोहतक.

नाशिक रोडवरून पंजाब मेल मिळते ती दिल्ली ओलांडून थेट रोहतकला थांबते. गाडी बदलायची भानगड नाही. मला हे कळलं तेव्हा वाटलं रेल्वेने ही गाडी माझ्यासाठीच सोडली आहे. सरांच्या ओळखीने तिकडच्या एका खासगी क्लबमध्ये काही दिवस राहायची सोय झाली. पप्पांनी सुट्टी टाकली, सोबत आले, आणि पहिल्याच दिवशी हॉलमध्ये शिरून गप्प झाले. मीही. कारण समोर माझ्याएवढ्या मुली होत्या. एक नाही, दोन नाही, चांगल्या पाच-सहा. माझ्या उंचीच्या, माझ्या खांद्यांच्या, आणि त्यांना कुणी काही बोलत नव्हतं. त्या आपल्या फरशीवर बसून चणे खात बँडेज गुंडाळत होत्या.

मला जिच्याबरोबर उभं केलं ती डावखुरी. पहिला राउंड सुरू झाला, मी नेहमीसारखी जॅब मारून आत गेले आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. तिचा डावा क्रॉस सरळ आला होता. ठीक आहे, म्हटलं, लागतं. परत जॅब, परत तेच. तिसऱ्यांदा ती हसली, चक्क. राउंड संपल्यावर गमशील्ड काढून म्हणाली, "तेरा सीधा हाथ कहाँ जाता है?"

माझा उजवा हात जॅबबरोबर हनुवटीपासून खाली येत होता, चार बोटं. एवढंच. नाशिकला हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही, सर तर रोज ओरडायचे, "उजवा वर, उजवा वर." पण ओरडून हात वर राहत नाही. त्या जागेतून कुणीतरी रोज ठोसा घालावा लागतो. आमची पोरं तिथे मारत नव्हती, एक लाजेने, दुसरा रागात आंधळा म्हणून. त्या मुलीने तिथे मारलं, परत परत, शांतपणे, काही वैर नसताना. दुसरं म्हणजे पाय. डावखुऱ्याशी खेळताना आपला डावा पाय तिच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवायचा हे मला तोंडपाठ होतं. ती मात्र दर वेळी माझ्या आधी बाहेर पोचलेली असायची. पाय बाहेर गेला की तिचा डावा हात मोकळा आणि मी उघडी. हे वहीत लिहून कळत नाही.

पप्पा स्टुलावर बसून सगळं बघत होते. माझ्या नाकातून रक्त आलं तेव्हा उठले, परत बसले. संध्याकाळी दूध पिताना म्हणाले, "मार खात होतीस, पण तोंडावर हसू होतं तुझ्या." असेल. परत येईपर्यंत त्या मुलीने माझ्या जॅबवर मारायचं सोडलं नव्हतं, पण आता चारातला एक माझ्या ग्लोव्हवर आदळत होता. एकदा तर मी तिला आधी पायाने बाहेर गाठलं आणि उजवा सरळ घातला, तिची मान मागे गेली, आणि ती म्हणाली, "हाँ! ये!" तिच्या त्या "ये" पुढे राज्याचं पदक पाणी कम चाय.

परत आल्यावर नोकरीच्या अर्जासाठी प्रमाणपत्रं घेऊन एका कार्यालयात गेले होते. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी पडताळणी वगैरे असते. तिथल्या साहेबांनी प्रमाणपत्र उलटसुलट केलं आणि विचारलं, "यात किती जणींना हरवलं?" खोचक होतं ते. पण प्रश्न बरोबर होता, म्हणून राग जास्त आला. मी म्हटलं, "साहेब, आलेल्या सगळ्यांना." ते हसले, मी हसले नाही.

नाशिकला खेळाडूंचं वावडं नाही. सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी पळत मोठी झाली आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य घेऊन आली तेव्हा अख्ख्या जिल्ह्याने तिला डोक्यावर घेतलं. चांदवडकडचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावातून निघाला आणि रिओ ऑलिंपिकला होडी वल्हवून आला. विदित गुजराथी बुद्धिबळ खेळतो, त्याच्यासमोर जगातला कुणीही बसू शकतो, पटाला वजनगट नसतो. (जळते मी, हो.) माझं घोडं अडतं ते समोर कुणी येण्यावर. ती आली तर बातमी खरी होईल, मग आपटले तरी चालेल. 'नाशिकच्या कन्येचा दणदणीत पराभव' अशी चौकट आली तरी मी कापून ठेवीन.

मूरसारखी पत्रं लिहायची तर कुणाला लिहू? म्हणून इथे लिहितेय. नाशिक, नगर, धुळे, जळगाव, संभाजीनगर, मुंबई-ठाणे, कुठूनही. ७२ ते ८२ किलोतली कुठलीही मुलगी, बॉक्सिंग करत असेल किंवा सोडलं असेल, कुस्तीतून आली असेल, पोलिसात असेल, लग्न होऊन वजन वाढलं म्हणून घरी बसली असेल, तर या. स्पर्धा नाही, स्पारिंग. तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड, सर स्वतः उभे राहतील, हेडगार्डशिवाय कुणी आत जाणार नाही. आमच्या क्लबमध्ये शनिवारी संध्याकाळी रिंग मोकळी असते. जिल्ह्यांच्या प्रशिक्षकांनीही कृपा करून आपापल्या भागातल्या अशा मुलींची नावं एकमेकांना सांगावीत. प्रत्येक जण आपल्याकडे एकच आहे म्हणून गप्प बसतो. दहा जिल्ह्यांत एकेक धरली तरी दहा झाल्या की, मग ड्रॉला दुसरा कागद चिकटवायला लागेल.

नाशिक रोड स्टेशनला किंवा सीबीएस बसस्टँडला उतरा, मी गाडी घेऊन घ्यायला येते. राहायचं आमच्या घरी. आई आल्या आल्या वजन विचारेल, राग मानू नका, ती भाकऱ्यांचा हिशोब करत असते. १६ औंसाचे ग्लोव्ह्ज आणि गमशील्ड आपापलं आणा, हेडगार्ड माझ्याकडे जास्तीचं आहे. डावखुऱ्या असाल तर आधी सांगू नका.